रिमोट डेस्कटॉपवर काढलेली पीडीएफ नक्की जाते कुठे?

सुदामानगरची_काकू | ९ तारीख, रात्री १०.१२

मंडळी, आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मी इंदूरला घरून हिशेबाचं काम करते. सियागंजातल्या एका किराणा-मसाल्याच्या पेढीची बिलं, लेजर, जीएसटी वगैरे. पूर्वी त्यांच्या दुकानाच्या माडीवर बसायचे, मिरचीच्या गोण्यांना पाठ लावून. शिंका देत देत ट्रायल बॅलन्स जुळवायची. दोन महिन्यांपूर्वी मालकांच्या मुलानं सगळं 'क्लाऊडवर' नेलं. आता मी घरच्या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप उघडते आणि त्यात कुठल्याशा सर्व्हरवरचं विंडोज दिसतं. काम झकास होतं. शिंकाही थांबल्या. अडतं ते फक्त पीडीएफपाशी.

परवा एका पार्टीला लेजर पाठवायचं होतं. प्रिंट दिली. प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' दोनदा दिसतं. एक नुसतंच, आणि दुसऱ्याच्या पुढे कंसात 'रिडायरेक्टेड ३'. मी दुसरं घेतलं, म्हटलं लांबलचक नाव आहे, चांगलं असेल. काहीच झालं नाही. परत दिली. काही नाही. अशी पाच वेळा दिली. पार्टीचा फोन, "मॅडम, भेजा क्या?" मी म्हटलं, भेज रही हूँ.

संध्याकाळी रिमोटची विंडो खाली घेतली तर मागे माझ्याच लॅपटॉपवर 'सेव्ह ॲज' विचारत एक चौकोन बसलेला. रद्द केला तर दुसरा उगवला. तो रद्द केला तर तिसरा. पाचही जण दुपारपासून माझी वाट बघत होते.

काल शहाणपणा करून पहिलं, नुसतं नाव असलेलं निवडलं. चौकोन लगेच आला, नाव दिलं, डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह केलं. व्हॉट्सॲपवर टाकायला गेले तर माझ्या डॉक्युमेंट्समध्ये फाईलच नाही! डाउनलोड्स, डेस्कटॉप, सगळं धुंडाळलं. शेवटी लेजरचा मोबाइलनं फोटो काढून पाठवला. वाकडा.

११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचाय, त्याआधी तीसेक बिलांच्या पीडीएफ काढायच्यात. मालकांच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "आंटी, प्रिंट टू पीडीएफ कर दो ना." तेच तर करून राहिले!

---

तिरकी_रेघ | ९ तारीख, रात्री १०.५५

काकू, हसलो नाही. म्हणजे थोडा हसलो, पण यात तुमची चूक नाही. मी बारा वर्षं सर्व्हर सांभाळण्याचंच काम केलंय, या एका गोष्टीवर लोकांचे जितके फोन आले तितके दुसऱ्या कशावर आले नाहीत.

फसवतो तो 'प्रिंटर' हा शब्द. तुमच्या यादीत दिसतात ते खरे प्रिंटर नव्हेतच. व्हर्च्युअल प्रिंटर म्हणजे प्रिंटरचं सोंग घेतलेला प्रोग्राम. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला वाटतं आपण कागदावर छापतोय, आणि हा सोंगाड्या छापायचा मजकूर घेऊन त्याची फाईल बनवतो. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, असा एक सोंगाड्या विंडोजमध्येच मिळतो.

आता तुमच्याकडे कॉम्प्युटर किती? दोन. एक सुदामानगरातला, एक सर्व्हर. दोघांतही विंडोज, म्हणून दोघांतही सोंगाड्या. यादीत दोन नावं दिसतात ती त्यामुळे. नुसतं नाव असलेला तिकडचा, सर्व्हरवरचा. 'रिडायरेक्टेड'वाला तुमच्या लॅपटॉपवरचा, जो रिमोट डेस्कटॉपनं तिकडे नेऊन उभा केलाय.

तिकडचा निवडलात की स्वयंपाकही तिकडे आणि वाढणंही तिकडेच. 'डॉक्युमेंट्स' म्हटलं तर ते सर्व्हरवरचे डॉक्युमेंट्स, तुमचे नव्हेत. कालची फाईल आत्ता या क्षणी तिथेच आहे, रिमोटमध्ये जाऊन बघा.

रिडायरेक्टेडवाला निवडलात तर मजकूर सर्व्हरवर तयार होतो, रिमोटच्या वाटेनं तुमच्याकडे येतो, आणि पीडीएफ तुमच्या लॅपटॉपवर बनते. तेव्हा 'कुठे सेव्ह करू' हा प्रश्नही तुमचा लॅपटॉपच विचारणार. पण तुम्ही तर रिमोट पूर्ण पडदाभर उघडून बसलेल्या! प्रश्न त्याच्या मागे. दुपारपासून.

तर आता काय करायचं:

रिडायरेक्टेडवाला वापरायचा असेल तर प्रिंट दिल्यावर कंट्रोल + ऑल्ट + ब्रेक दाबा. रिमोट पूर्ण पडद्यावरून लहान विंडोत येतो आणि मागचा चौकोन दिसतो. लॅपटॉपवर 'ब्रेक' नावाची कळ बहुतेक नसते, तेव्हा वर मधोमध जी पट्टी येते तिच्यातलं खाली घ्यायचं बटण दाबा. प्रिंट एकदाच द्या, आणि दहापर्यंत आकडे मोजा.

तिकडचा वापरायचा असेल तर फाईल तिकडच्या डेस्कटॉपवर सेव्ह करा, तिच्यावर कंट्रोल + सी, रिमोट खाली घ्या, आपल्या डेस्कटॉपवर कंट्रोल + व्ही. सर्व्हरवाल्यानं बंद केलं नसेल तर फाईल येते. तीस बिलं असतील तर एक फोल्डर करा आणि अख्खा फोल्डर आणा.

आणि सर्वांत आधी एक बघा: तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्पोर्ट' आहे का? टॅली असेल तर ऑल्ट + ई. वर्ड असेल तर सेव्ह ॲज मध्ये पीडीएफ. क्रोममध्ये प्रिंट दिली की 'सेव्ह ॲज पीडीएफ'. जिथे हे आहे तिथे प्रिंटरच्या वाटेला जाऊच नका. मी स्वतः व्हर्च्युअल प्रिंटर शेवटी वापरतो, पहिल्यांदा नाही.

---

सराफ्यात_रात्री | ९ तारीख, रात्री ११.२०

+१. मागे मीपण असंच केलं होतं भिया, पण सात वेळा. काकू, तुम्ही अजून नवख्या.

---

सुदामानगरची_काकू | ९ तारीख, रात्री ११.४१

सापडली!! कालची फाईल सर्व्हरच्या डॉक्युमेंट्समध्येच होती. शेजारी दोन महिन्यांत सेव्ह केलेल्या आणखी अकरा. मला वाटायचं त्या झाल्याच नाहीत, आणि दर वेळी नव्यानं काढत बसायचे.

तिरकी_रेघ, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट आहे पण बिलाच्या नमुन्याला नाही, फक्त रिपोर्टला. बिल छापायचं तर प्रिंटच. कुणी तरी खास बनवून घेतलेला नमुना आहे तो, वर गणपती आणि शुभ-लाभ. मालक तो सोडणार नाहीत.

---

टंकलेखक_इंदूर | १० तारीख, सकाळी ७.०५

सकाळचे पोहे खाता खाता वाचलं. माझं दुखणं जरा वेगळं आहे, पण आहे याच वाटेवरचं.

मी एका वकील साहेबांकडे टायपिंग करतो, काम इंदूर खंडपीठाचं. आमचं निम्मं लिखाण अजून कृतिदेवमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कृतिदेव हा देवनागरीचा जुना फॉन्ट, युनिकोड नाही. युनिकोडमध्ये फाईलमध्ये खरं देवनागरी अक्षरच साठतं, इथे तसं नाही. कळ दाबता ती इंग्रजीची, फाईलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षर, फक्त फॉन्ट त्याला देवनागरीचा वेश चढवतो. वेश नसेल तर आतलं इंग्रजी उघडं पडतं.

ऑफिसनं आम्हाला रिमोटवर नेलं, सर्व्हरवर कृतिदेव नव्हता. फाईल उघडली तर अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. मी घाबरून लॅपटॉपवर कृतिदेव परत टाकला. काही फरक नाही, कारण फॉन्ट लॅपटॉपवर असून काय उपयोग, वर्ड तर तिकडे चालतंय! मग तिकडे टाकला. मला दिसायला लागलं, पण शेजारच्या टेबलावरच्या ताईंना त्याच सर्व्हरवर दिसेना. दोन दिवस यात गेले. कळलं ते असं की, विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये फॉन्टवर नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की तो फक्त त्या एका युजरपुरता बसतो. उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' म्हणावं लागतं, आणि त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

एवढं करून पीडीएफ सुंदर निघाली. फॉन्ट पीडीएफच्या आत बांधला जातो, त्यामुळे समोरच्याकडे कृतिदेव नसला तरी दिसते. पण! साहेबांनी त्यात 'दिनांक' शोधायला सांगितलं. शून्य. डोळ्यांना दिनांक दिसतोय, दहा ठिकाणी आहे, शोधल्यावर शून्य. मग मी शोधच्या चौकोनात इंग्रजी कळा मारल्या: एफ, एन, यू, के, ए, डी. दहाच्या दहा सापडले. साहेब माझ्याकडे असे बघत होते जसा मी जादू करतोय.

तेव्हा शोधता येणारी पीडीएफ हवी असेल तर प्रिंटर बदलून काही होत नाही, मूळ मजकूर युनिकोडमध्ये हवा. मंगल, कोकिळा, निर्मला, जो आवडेल तो. मी आता नवं सगळं युनिकोडमध्ये टाईप करतो. जुने नमुने हळूहळू बदलतोय. बोटं मात्र अजून जुन्या वळणावर जातात.

---

रीडिंगवाला | १० तारीख, सकाळी ९.३०

एवढा खटाटोप कशाला? सर्व्हरवर एखादा फुकटचा पीडीएफ प्रिंटर टाकून द्या, कितीतरी मिळतात. आपोआप नाव देतो, आपोआप फोल्डरमध्ये ठेवतो, चौकोन वगैरे काही विचारत नाही. काकूंची तीस बिलं पाच मिनिटांत.

---

तिरकी_रेघ | १० तारीख, सकाळी ९.५८

रीडिंगवाला, आपोआप नाव देण्याची सोय कामाची आहे, मान्य. पण दोन गोष्टी. पहिली, सर्व्हर काकूंचा नाही. त्यावर काय टाकायचं ते सांभाळणारा ठरवणार. दुसरी, फुकट म्हणजे घरच्या एका कॉम्प्युटरवर फुकट. एकाच सर्व्हरवर अनेक जण बसणार असतील तर बऱ्याच प्रोग्रामांची वेगळी, पैसे देऊन घ्यायची आवृत्ती असते. पीडीएफक्रिएटरची तशी टर्मिनल सर्व्हरसाठीची निराळी आवृत्ती आहे. साधी आवृत्ती तिथे टाकून 'चालत नाही' म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. आणि कुठल्याही साईटवरून उचललेला प्रोग्राम अख्ख्या पेढीच्या हिशेबाच्या सर्व्हरवर टाकायचा? मी असतो तर हात जोडले असते.

टंकलेखक, तुमचा 'दिनांक' मी आमच्या नव्या मुलांना सांगणार आहे.

---

रीडिंगवाला | १० तारीख, सकाळी १०.०६

बरं बाबा. घरी मी तोच वापरतो म्हणून सांगितलं.

---

सुदामानगरची_काकू | १० तारीख, दुपारी १.१५

आता नवीन नाटक. तिकडचा प्रिंटर निवडून पहिली दहा बिलं काढली, फोल्डर केला, कॉपी केला, आला! आनंदानं पहिलं उघडलं. गणपती आहे, शुभ-लाभ आहे, माल आहे, भाव आहे. खालची एकूण रकमेची ओळच नाही! दुसऱ्या पानावर एकटीच जाऊन बसलीय. दहाही बिलांचं तसंच. दुकानात असताना हेच बिल एका पानात बसायचं. नमुना कुणी हलवला नाही.

---

लष्करवाला | १० तारीख, दुपारी १.४०

ग्वाल्हेरहून रामराम. काकू, हे मी डोळे मिटून सांगतो. कागद लेटर झालाय.

सर्व्हर बहुतेक वेळा अमेरिकेच्या सेटिंगवर उभे केले जातात आणि कुणी ते बदलत नाही. अमेरिकेचा लेटर कागद २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपला ए४ म्हणजे २१० गुणिले २९७. रुंदीला तो सहा मिलिमीटर जास्त म्हणून कडेला काही कळत नाही, पण उंचीला अठरा मिलिमीटर कमी. तुमच्या बिलाची शेवटची ओळ त्या अठरा मिलिमीटरमध्ये राहत होती.

रिमोटच्या आत जाऊन प्रिंटर्सच्या यादीत त्या पीडीएफ प्रिंटरवर उजवं क्लिक, 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस', मग 'ॲडव्हान्स्ड', तिथे पेपर साईज ए४. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचं वेगळं सेटिंग असेल तर तेही बघा, काही सॉफ्टवेअर प्रिंटरचं ऐकत नाहीत.

जाता जाता सर्व्हरवरची तारीखही बघून घ्या. ज्याचा कागद अमेरिकन, त्याची तारीखही महिना आधी, दिवस नंतर अशी असण्याची शक्यता. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका दुकानदाराची ५ मार्चची बिलं ३ मेची म्हणून गेली होती. मार्चअखेरीस जो गोंधळ झाला तो मी निस्तरलाय.

---

सुदामानगरची_काकू | १० तारीख, दुपारी २.०२

लष्करवाला, तुमच्या तोंडात साखर. लेटरच होता! ए४ केलं, ओळ परत आली. तारीख मात्र बरोबर आहे, लगेच बघितली, छातीत धस्स झालं होतं.

---

नवशिका_हिशेबनीस | १० तारीख, दुपारी ४.३०

याच धाग्यात विचारू का? आमच्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेला प्रिंटर लिहून ठेवावा लागतो. मी 'रिडायरेक्टेड २' लिहिला. आज सकाळी सॉफ्टवेअर म्हणतं असा प्रिंटर नाही. बघतो तर यादीत 'रिडायरेक्टेड ५'. उद्या काय? रोज सकाळी हे बदलायचं?

---

तिरकी_रेघ | १० तारीख, संध्याकाळी ६.१०

तो आकडा प्रिंटरचा नाही, तुमच्या बसण्याचा आहे. सर्व्हरवर जो कुणी लॉगिन करतो त्याला एक सेशन क्रमांक मिळतो, तोच प्रिंटरच्या नावाला चिकटतो. लॉगऑफ करून परत आलात की नवा पाट, नवा क्रमांक. नुसती विंडो बंद केली आणि परत जोडलंत तर जुनं सेशन तिथेच असतं, क्रमांकही सहसा तोच राहतो.

म्हणून जे सॉफ्टवेअर नाव लक्षात ठेवतं, त्यात रिडायरेक्टेडचं नाव कधीच लिहू नये. दोन उपाय. एक, तिकडचा पीडीएफ प्रिंटर लिहा, त्याचं नाव बदलत नाही. दोन, सॉफ्टवेअरमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर' असा पर्याय असेल तर तो निवडा. रिमोट डेस्कटॉप तुमच्या लॅपटॉपचा डिफॉल्ट प्रिंटर सेशनमध्येही डिफॉल्ट करतो, सर्व्हरवाल्यानं धोरणानं अडवलं नसेल तर. त्यासाठी लॅपटॉपवर 'विंडोजनं डिफॉल्ट प्रिंटर सांभाळावा' ही टिक काढा, नाहीतर काल जिथे छापलं तोच आज डिफॉल्ट होऊन बसतो.

अवांतर, पण सांगतोच. २००८ च्या विंडोज सर्व्हरच्या आधी याहून मजा होती. तुमच्या घरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, अगदी त्याच नावाचा, सर्व्हरवरही लागायचा. इंदूरच्या एका ऑफिसात बावीस जणांचे सतरा निरनिराळे प्रिंटर होते आणि त्यातला एक ड्रायव्हर दर आठवड्याला सर्व्हरची छपाई ठप्प करायचा. बावीस जणांची. मग ईझी प्रिंट आलं. त्यात सर्व्हरला तुमच्या प्रिंटरची ओळखच लागत नाही. तो मजकूर एक्सपीएस नावाच्या स्वरूपात बांधून पाठवतो, पुढचं तुमचा कॉम्प्युटर बघतो. ज्यानं हे काढलं त्याला मी छप्पन दुकानवर नेऊन हवं ते खाऊ घालायला तयार आहे.

त्याचा तोटाही आहे. डॉट मॅट्रिक्सवर ईझी प्रिंटनं बिल काढलंत तर ते चित्रासारखं, ओळ ओळ रेटत छापलं जातं. जिथे चार सेकंदांत खर्रकन बिल फाडून द्यायचे तिथे गिऱ्हाईक उभं.

---

दांडियाबाजार | १० तारीख, रात्री ९.१५

बडोद्याहून. आमच्याकडे रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रामच नाही, सगळं ब्राउझरमधून. ग्वाकामोले म्हणून एक मुक्त प्रणाली आहे अपाचेची, ती बसवलीय. तिच्यात प्रिंटिंग चालू केलं की सर्व्हरवरच्या यादीत एक प्रिंटर दिसतो. त्याच्यावर प्रिंट दिली की पीडीएफ होऊन सरळ ब्राउझरच्या डाउनलोडमध्ये पडते. कुठला चौकोन नाही, कुठली शोधाशोध नाही. आत घोस्टस्क्रिप्ट काम करतं. १९८८ सालचा प्रोग्राम आहे तो, अजून राबतोय. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ब्राउझरवाल्या क्लायंटमध्येही 'रिमोट डेस्कटॉप व्हर्च्युअल प्रिंटर' असाच चालतो.

पण मुळात लिहायला आलो ते दुसरं. कुणाच्या यादीत एकही प्रिंटर दिसत नसेल, पीडीएफवालाही नाही, तर सर्व्हरवाल्याला विचारा, स्पूलर बंद केलाय का. २०२१ च्या जुलैत प्रिंटनाईटमेअर नावाचं खिंडार सापडलं होतं, छपाई सांभाळणाऱ्या स्पूलरमधून चोर आत शिरू शकत होते. तेव्हा मी स्वतः रातोरात आमच्या सगळ्या सर्व्हरवरचे स्पूलर बंद केले. सकाळी नऊला अकाउंटवाल्या बेनचा फोन, "प्रिंटर सगळे गेले." मी म्हटलं कागद वाचवा. तिनं साहेबांनाच फोन लावला. व्हर्च्युअल असला तरी तो प्रिंटरच, स्पूलरशिवाय उभा राहत नाही. एक्स्पोर्टला मात्र स्पूलर लागत नाही, तो धडा मी त्या दिवशी शिकलो आणि दुपारपर्यंत सगळ्यांना एक्स्पोर्ट शिकवला.

---

तिरकी_रेघ | १० तारीख, रात्री ९.४०

दांडियाबाजार, ते जुलै मला अजून आठवतंय. ऑगस्टच्या अपडेटनंतर तर साध्या युजरला प्रिंटरचा ड्रायव्हर टाकणंही बंद झालं, तेव्हा दुसरी फेरी.

---

वाघिणीचं_दूध | १० तारीख, रात्री १०.०५

एक शंका. रोज रात्री दोनला सर्व्हरवर आपोआप रिपोर्ट निघून त्याची पीडीएफ व्हावी म्हणून मी शेड्यूल लावलंय. प्रिंटर तोच विंडोजचा. सकाळी बघतो तर काम रांगेत अडकलेलं, 'प्रिंटिंग' लिहिलेलं. आठ दिवसांचे आठ.

---

तिरकी_रेघ | १० तारीख, रात्री १०.१८

काकूंच्या पाच चौकोनांचंच हे भावंड. तो प्रिंटर रात्री दोनलाही विचारतोय, कुठे सेव्ह करू. पण कुणी लॉगिन नसताना चालणारं काम अशा सेशनमध्ये चालतं जिथला पडदा कोणालाच दिसत नाही. तिथे उघडलेल्या चौकोनाला उत्तर देणार कोण? रिपोर्टच्या प्रोग्रामला थेट पीडीएफ लिहिता येते का बघा. येत नसेल तर न विचारता सेव्ह करणारा प्रिंटर घ्या, रीतसर विकत.

---

रीडिंगवाला | १० तारीख, रात्री १०.२१

मी सकाळी हेच म्हणत होतो.

---

तिरकी_रेघ | १० तारीख, रात्री १०.३०

रीडिंगवाला, मान्य. 'रीतसर' हा शब्द तेवढा माझा.

काकू, उद्यासाठी एक राहिलंच. रिमोट जोडताना 'शो ऑप्शन्स', 'लोकल रिसोर्सेस', तिथे खाली 'मोअर' असं बटण आहे. त्यात 'ड्राइव्हज'मध्ये तुमचा डी ड्राइव्ह टिक करा. मग रिमोटच्या आत 'धिस पीसी'मध्ये 'डी ऑन' आणि पुढे तुमच्या लॅपटॉपचं नाव असं दिसेल. सर्व्हरवरचा फोल्डर थेट तिथे टाकता येतो, कॉपी-पेस्टपेक्षा मोठ्या फोल्डरला हे बरं. पीडीएफ प्रिंटरला मात्र थेट तिथे सेव्ह करायला लावू नका, आधी सर्व्हरवर, मग तिथे. आणि सी ड्राइव्ह टिक करू नका. सर्व्हरवर काही घाण शिरली तर तिला तुमच्या घराचा दरवाजा कशाला उघडून द्यायचा?

आणि मालकांची डिजिटल सही झालेली पीडीएफ असेल तर ती परत 'प्रिंट टू पीडीएफ' करू नका, नीट नाव द्यायला म्हणून लोक करतात. छापली की सहीचं फक्त चित्र उरतं, सही जाते. नाव बदलायचं तर एफ२ दाबा.

---

टंकलेखक_इंदूर | १० तारीख, रात्री १०.४४

सहीचं हे मी केलंय. फाईल परत आली होती. कुठून ते सांगत नाही.

---

सुदामानगरची_काकू | ११ तारीख, दुपारी ३.५०

तीसच्या तीस बिलं निघाली. तिकडचाच प्रिंटर, ए४, फोल्डर, डी ड्राइव्ह. जीएसटीआर-१ पण भरून झाला. पोर्टल दुपारी दीडला गोल गोल फिरत होतं, पण त्याचा प्रिंटरशी संबंध नाही.

मालकांच्या मुलाला सांगितलं की तुमच्या सर्व्हरवर अमेरिकेचा कागद लावलाय. म्हणाला, "आंटी, आपको कैसे पता?" मी म्हटलं, अठरा मिलिमीटर. तो बघतच राहिला.

त्यानं आता बिल थेट व्हॉट्सॲपवर जाईल असं काहीतरी बघून ठेवलंय म्हणे. पुढच्या महिन्यात नवीन धागा काढीन असं वाटतंय.

तिरकी_रेघ, एकदा सुदामानगरात या. पोहे तयार असतील. वरची शेव मात्र तुम्ही आणायची.

---

तिरकी_रेघ | ११ तारीख, संध्याकाळी ७.२२

येतो काकू. लॅपटॉप चालू ठेवा, सी ड्राइव्हची टिक काढलीत का बघायचंय.